बोटभर पाण्यातला वाघ

पहिला पाऊस पडला की आम्हा मीरा रोडकरांच्या ग्रुपवर दोनच विषय असतात. लेट लोकल आणि आंबोली! गाडी कुणाची, सुट्टी कुणाला, भजी की कणीस... जा हो, जरूर जा. पण तिथल्या एका 'लोकल'ची आधी ओळख करून घ्या.

नाव आंबोली टोड. आपल्या मराठीत भेक, म्हणजे बेडकाचा खरखरीत कातडीचा भाऊबंद. कुशीवर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात 'टायग्रिना', वाघासारखा. डॉ. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. सख्खं भावंड एकच, १९६३ मध्ये नोंदलेला कोयनेचा भेक. आययूसीएनने आंबोलीच्या या भेकाला थेट 'अतिसंकटग्रस्त'मध्ये टाकलं.

या साहेबांचं लग्न लागतं पावसाच्या सुरुवातीलाच, मोजक्या दिवसांत. हॉल कुठला? जांभ्याच्या सड्यावर साचलेलं बोटभर पाणी. अंडी तिथेच, पिल्लंही तिथेच. डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायलाच हवेत. डेडलाइन म्हणतात ती ही!

आणि आपण नेमकी तिथेच गाडी घालतो. मोकळा सडा दिसला की पार्किंग, डबकं दिसलं की त्यातून टायर. रात्री रस्त्यावर आलेला भेक तर हेडलाइटमध्ये दिसतही नाही.

त्याचं दुर्दैव हे, की त्याचं घर घरासारखं दिसत नाही. जंगल तोडताना माणूस निदान दोनदा विचार करतो, सडा म्हणजे नुसता 'पडीक'. आम्हा मीरा-भाईंदरवाल्यांना हा शब्द पाठ आहे. मिठागर पडीक, खाजण पडीक, तिवरं म्हणजे चिखल. भराव पडला की झाली डेव्हलपमेंट! मग भरतीच्या दिवशी पाऊस कोसळतो, पाणी सोसायटीत शिरतं आणि आपण पंप लावतो. भेकाकडे पंप नाही, सेकंड होम तर नाहीच.

छोट्या जिवाची दखल कुणी घेत नाही, असं मात्र नाही. २०२१ मध्ये आंबोलीतल्याच हिरण्यकेशीला एका इवल्या माशासाठी जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आपलं काम त्याहून सोपं. गाडी डांबरावरच ठेवायची, रात्री घाटात हळू चालवायची आणि सड्यावरचं डबकं दिसलं की वळसा घालायचा. आत कुणाचं तरी बाळंतपण चालू असेल, बॉस!