नवरदेवाचा हात

गेल्या रविवारी माझ्या भावाकडे ऐन लग्नात नवरदेवाचा उजवा हात खांद्यातून निखळला. नवरी बार्बी होती. नवरदेव म्हणजे भाच्याच्या अभ्यासाच्या टेबलावर उभा असणारा बार्बाटोस नावाचा जपानी रोबो, उंची वीतभरसुद्धा नाही. लग्न लावत होती धाकटी भाची. हार घालायला नवरदेवाचा हात पुरेसा वर होईना, म्हणून तिनं जरा जोर लावला. तेवढ्यात भाचेबुवा क्लासहून परतले. त्यानंतर त्या घरात जे चाललं त्याला सुतकच म्हणायला हवं. वऱ्हाडी म्हणून बोलावलेलं अस्वल पलंगाखाली गेलं, भावानं पेपर तोंडासमोर धरला आणि वहिनी पोहे भिजवायला आत गेली. त्या घरात कुणीही रडलं की पोहे होतात.

हे रोबो विकत मिळतात ते सुट्या भागांत. प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून बारीक बारीक तुकडे असतात. ते कटरनं कापायचे, कडा घासायच्या आणि गोंद न लावता एकात एक बसवायचे. भाच्यानं अख्खी दिवाळीची सुट्टी त्यात घातली होती, त्यामुळे त्याचं रडणं मला कळत होतं. मला खटकलं ते रडता रडता तो जे बोलला ते. “आता काय उपयोग याचा, आत्या? हातच नाही.”

त्या बार्बाटोसच्या आत बसणाऱ्या पोराचाही उजवाच हात गेलेला आहे. आणि त्याबद्दल याच गृहस्थानं मे महिन्याच्या सुट्टीत मला मोठ्या फुशारकीनं ऐकवलं होतं, “त्यानं काय होतंय? रोबोत बसला की सगळं चालतं त्याचं!”

ज्यांच्या घरी असा भाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘मोबाइल सूट गंडम’ ही जपानी अॅनिमे मालिका १९७९ साली सुरू झाली आणि तिची पिल्लं अजून निघताहेत. त्यातलं एक ‘आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स’. २०१५ ते २०१७, भाग ५०, दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, लेखिका मारी ओकादा. मंगळावर अनाथ पोरं एका खासगी सुरक्षा कंपनीत राबतात. त्यांच्या पाठीच्या कण्यात एक यंत्र बसवलेलं असतं, त्याला वायर जोडली की समोरचं धूड स्वतःच्या अंगासारखं हलवता येतं. या पद्धतीचं नाव चक्क ‘आलयविज्ञान’, असंग-वसुबंधूंच्या योगाचार दर्शनातून उचललेलं. शस्त्रक्रिया लागू पडते ती वाढत्या वयाच्या मुलांनाच. फसली तर पोर जन्माचं लुळं. नायक मिकाझुकी ऑगस याच्यावर ती तीनदा झालेली आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी एडमंटनच्या लढाईत तो १८ मीटर उंचीच्या बार्बाटोसकडून शरीराला झेपेल त्याहून जास्त ताकद मागून घेतो. लढाई जिंकतो, उजवा हात आणि उजवा डोळा गमावतो. दुसऱ्या पर्वात हाशमल नावाच्या यंत्रराक्षसापुढे उजवा पायही जातो. वायर जोडली की हे सगळे अवयव पुन्हा चालू. वायर काढली की बंद. शेवटी तो मरतो. (भाचा म्हणेल, आत्यानं स्पॉइलर दिला. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणारी बाई मी, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे.)

मालिकेची एक गोष्ट मला मनापासून आवडली. मिकाझुकी प्रेरणादायी नाही. या विशेषणावर माझा किती राग आहे, ते मागे लिहून झालंय आणि त्यावर आलेली रागावलेली पत्रंही मी जपून ठेवली आहेत. हा पोरगा कशावर मात वगैरे करत नाही. हात गेला म्हणून रडत नाही, नशिबाला शिव्या देत नाही, मागे व्हायोलिन वाजत असताना खिडकीतून बाहेर बघत बसत नाही. खिशातले मंगळी खजूर तोंडात टाकतो आणि डाव्या हातानं पुढच्या कामाला लागतो. त्याला शेती करायची आहे. अक्षरं शिकायची आहेत. आजूबाजूची माणसंच त्याच्या हाताकडे बघून कासावीस होतात, याचा चेहरा मात्र ढिम्म.

पण मग माझं बारीक लक्ष भलत्याच ठिकाणी जातं. हा पोरगा संडासला कसा जातो?

हसू नका. उजवी बाजू गेल्यावर हश नावाचा एक पोरगा त्याला पाठुंगळी घेऊन हिंडतो, ते दाखवलंय. जेवायला घालायला आत्रा नावाची मुलगी आहे. पण सकाळचं काय? आंघोळीचं काय? पँटचं काय? यंत्राच्या बोटाबोटाचे सांधे रंगवणाऱ्या चित्रकारांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही. महाकाव्यातल्या नायकांना पोट साफ होण्याची अडचण नसते हे मान्य. पण महाकाव्यात कण्यात वायरही नसते.

माझ्या मनगटाचं पुराण तुम्ही गेल्या पावसाळ्यात सोसलेलं आहे, ते पुन्हा लावत नाही. तेव्हा लिहायचं राहून गेलेलं तेवढं सांगते. उजवा हात प्लास्टरमध्ये असताना सलवारीची नाडी एका हातानं सोडता येते, बांधता येत नाही. एक टोक दातांत धरायचं, दुसरं डाव्या हातात, पोट आत ओढायचं आणि कमरेतून वाकून गाठ मारायची. जी काही गाठ बसते ती बाथरूमच्या दारापर्यंत टिकते. लोणच्याची बरणी मांड्यांत धरून उघडता येते, पण मग सलवारीवर तेल. आणि डाव्या हातानं डावी काख धुऊन दाखवा. आत्ता, पेपर खाली ठेवून, नुसती करून बघा. उत्तर माझ्याकडे आहे: टॉवेलाचं एक टोक दारात अडकवायचं, दार ओढून घ्यायचं आणि आपणच टॉवेलावर मागेपुढे व्हायचं. हे मला कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नाही.

भेटायला येणारं प्रत्येक माणूस मात्र एकच विचारायचं: “मग सदर कसं लिहिता?” सदराला काय धाड भरली होती? त्याची सोय पहिल्याच आठवड्यात झाली. मी बोलायचं, एक मुलगा येऊन टाइप करायचा. लेख वेळेवर जायचा, उलट हात धड असताना जायचा त्याहून लवकर. पेपराचं काम अडलं नाही, म्हणजे बाईचं सगळं ठीक चाललंय असा सगळ्यांचा समज झाला. नाडीसाठी कुणी माणूस पाठवला नाही.

म्हणून ‘रोबोत बसला की सगळं चालतं’ हे ऐकलं की माझं डोकं उठतं. कुणासाठी चालतं? बार्बाटोसचा हात मिळतो तो दुसऱ्याच्या रोबोचं डोकं फोडायला. खजूर उचलायला नाही, रोप लावायला नाही, अक्षर गिरवायला नाही. त्या पोराला लढायला लागेल तेवढंच शरीर उसनं देतात आणि काम झालं की काढून घेतात. त्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण लहानपणापासून त्याला हत्यार म्हणूनच वाढवलेलं आहे. पोरांचा म्होरक्या ओर्गा, त्यानं सांगावं आणि यानं करावं. तो ढिम्म चेहरा मला आधी धीराचा वाटला होता. तो धीर नव्हे. आपल्या अंगावर आपला हक्क असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

भाच्यानं माझी समजूत घालायला दुसरी मालिका लावली. हा त्याचा चांगुलपणा, पण निवड भयंकर. ‘गंडम थंडरबोल्ट’. यासुओ ओहतागाकी यांची मांगा २०१२ पासूनची, त्यावरची ही अॅनिमे. यात युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांची एक खास तुकडीच आहे, नाव ‘लिव्हिंग डेड डिव्हिजन’. त्यातल्या डॅरिल लोरेंझचे दोन्ही पाय आधीच गेलेत. चालायला कृत्रिम पाय आहेत, नेमबाज म्हणून उत्तम. पुढे लढाईत डावा हात जातो. आता सैन्याकडे एक नवं यंत्र तयार आहे, ते माणसाच्या छाटलेल्या अवयवांच्या टोकांना जोडून चालतं. चारी अवयव नसले तर सोन्याहून पिवळं. अडचण एकच: डॅरिलचा उजवा हात धडधाकट आहे.

तो कापतात.

मी लॅपटॉप मिटला. भाचा म्हणाला, “अगं, पण यातलं म्युझिक ऐक ना, जाझ आहे.” जाझ खरोखर चांगलं होतं, समोरच्या पक्षातला आयो फ्लेमिंग लढताना ऐकतो ते. पण मला त्या वेळी जाझ सुचेना. खरं सांगायचं तर थंडरबोल्टवाल्यांचा मला कमी राग आला. ते निदान लपवत नाहीत. ज्या हातानं डॅरिल चमचा धरू शकला असता तो हात सैन्याच्या दृष्टीनं अडगळ आहे, हे ते सरळ टेबलावर मांडतात आणि तुम्हाला बघायला लावतात.

पुन्हा मंगळाकडे. त्या पहिल्या मालिकेत माझ्या लक्षात राहिलेली व्हीलचेअर अगदी शेवटच्या भागात येते, आणि तिच्यात बसलेला असतो गेलिओ. समोरच्या ग्यालार्हॉर्न या लष्करी संघटनेतल्या बड्या खानदानातला. त्यानंही तसलंच यंत्र वापरलेलं आहे, त्याचंही शरीर गेलेलं आहे. पण त्याला खुर्ची, ऊन आणि गप्पा मारायला माणूस. अनाथाला हशची पाठ. हे मुद्दाम केलं असेल तर मारी ओकादाबाईंना माझा नमस्कार. भाच्याला विचारलं तर त्याला खुर्चीच आठवत नव्हती. त्याला गेलिओच्या रोबोच्या तलवारीची पाती आठवत होती, रंगांसकट.

हे सगळं मनात घोळत असताना मला जपानच्या संसदेतली एक जुनी बातमी आठवली. २०१९ च्या जुलैमध्ये तिथल्या वरिष्ठ सभागृहावर यासुहिको फुनागो आणि एइको किमुरा निवडून आले. फुनागोंना एएलएस, बोलता येत नाही. किमुराबाईंना सेरेब्रल पाल्सी. दोघेही मोठ्या व्हीलचेअरवर, सोबत मदतनीस हवाच. सभागृहातल्या खुर्च्या काढून जागा केली, तिथवर ठीक. मग तेव्हाचा नियम आडवा आला. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं मदतनीस मिळायचा, पण तो जगण्यासाठी. माणूस कामावर गेला, कमवायला लागला, की त्या वेळेपुरती मदत बंद. खासदारकी म्हणजे कमाई. बराच खल झाला आणि अखेर तूर्त हा खर्च सभागृहानंच उचलायचं ठरलं. म्हणजे माझ्या मनगटाच्या बरोबर उलटं: मला सदराला माणूस आणि नाडीला नाही, तिथे नाडीला माणूस आणि सदराला नाही. मिकाझुकी टोकियोत राहत असता तर खजूर भरवायला सरकारनं कुणीतरी दिलं असतं आणि तो बार्बाटोसची शिडी चढायला लागताच त्या माणसाला घरी पाठवलं असतं.

त्याच टोकियोत निहोनबाशी भागात २०२१ च्या जूनपासून एक कॅफे आहे, डॉन नावाचा. तिथे कॉफी आणून देतात रोबो, उंची १२० सेंटिमीटर, शाळकरी पोराएवढी. ते चालवणारी माणसं आपापल्या घरी, काही जण तर अंथरुणावर, कुणी नुसत्या डोळ्यांच्या हालचालीनं. हे केंतारो योशिफुजी यांच्या कंपनीचं काम. त्यांचे एक सहकारी होते, युता बांदा. वयाच्या चौथ्या वर्षी अपघात झाल्यापासून अंथरुणाला खिळलेले. घरूनच योशिफुजींचे सेक्रेटरी म्हणून काम करायचे. योशिफुजींनी थट्टेत त्यांच्याकडे कॉफी मागितली, तर बांदा म्हणाले की मग तसं शरीर करून दे. बांदा २०१७ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी कॅफेचा पहिला प्रयोग झाला. काम करणाऱ्यांना ताशी १,००० येन मिळाले. आणि घरी बसून रोबो चालवणाऱ्या या माणसांना तिथे काय म्हणतात? पायलट.

हे मी भाच्याला पोहे खाताना सांगितलं. आधी त्याची घोर निराशा झाली. “म्हणजे ते फाइट करतच नाहीत?” म्हटलं, नाही, कॉफी आणतात, गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात आणि पैसे घेतात. मग त्यानं मोबाइल काढून येनचे रुपये केले, आकडा दोनदा तपासला आणि शेंगदाणे चावता चावता विचारलं, “आत्या, मिकाला पगार किती होता गं?”

मिकाच्या कंपनीत, तेक्कादानमध्ये, डेक्स्टर नावाचा एक हिशेबनीस आहे. म्हटलं, त्याच्याकडे नोंद असेल, पुन्हा बघ सगळे भाग आणि मला सांग. तो बघतोय. वहिनीचा फोन येऊन गेला, परीक्षा तोंडावर आहे आणि हे सगळं माझ्यामुळे चाललंय म्हणून.