लहान शब्दाचे वजन

रत्नागिरीच्या हापूसची पेटी आता केवळ मुंबईच्या बाजारापुरती राहिलेली नाही. ती आखाती देशांत जाते, युरोपात जाते, अमेरिकेतही पोहोचते. पेटीबरोबर पत्रव्यवहार येतो आणि तो बहुतांशी इंग्रजीत चालतो. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने, भारतातून आलेल्या मालात फळमाशी आढळल्याचे कारण देऊन, आंब्याची आयात थांबविली आणि 2015 साली ती बंदी उठविली. अशा अनिश्चित दिवसांत परदेशी खरेदीदाराच्या चार ओळींच्या संदेशाचा नेमका अर्थ लावणे, हे व्यापाऱ्याच्या भांडवलाशी थेट निगडित असते.

समजा, त्या संदेशात सौदा ‘वेन्ट थ्रू’ असे लिहिले आहे. याचा अर्थ सौदा पार पडला. माल रवाना करण्याची तयारी करावी. आता त्याच जागी ‘फेल थ्रू’ असे शब्द आले, तर सौदा फिसकटला. येथील ‘फेल’ हे ‘फॉल’, म्हणजे पडणे, या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे. ‘थ्रू’ दोन्हीकडे तेच. पण एका ठिकाणी पैसा येतो आणि दुसऱ्या ठिकाणी माल अंगावर पडतो. माल ‘हेल्ड अप’ असेल, तर तो वाटेत कोठेतरी अडकला आहे. ‘हेल्ड बॅक’ असेल, तर कोणीतरी तो हेतुपुरस्सर रोखून धरला आहे. बैठक ‘पुट ऑफ’ झाली म्हणजे पुढे ढकलली. ‘कॉल ऑफ’ झाली म्हणजे रद्दच झाली. कागद ‘लुक ओव्हर’ करणे म्हणजे ते नजरेखालून घालणे; तेच दोन शब्द उलट जोडून ‘ओव्हरलुक’ केले, तर त्या कागदांकडे दुर्लक्ष करणे असा अर्थ होतो. हिशेबनिसाला असे उलट लिहून गेले, तर तो बिचारा गोंधळून जाईल.

मूळ क्रियापदाला अप, ऑफ, आउट, ओव्हर यांसारखा एखादा लहान शब्द जोडून नवा अर्थ घडविण्याची ही इंग्रजीची रीत जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत, परकीयांना सर्वांत अवघड जाणारा भाग हाच, असे त्यांनी नमूद केले आहे. या शब्दजोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ उशिरा मिळाले. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 सालच्या ग्रंथातून ते रूढ झाले. मराठीत सोयीसाठी त्यांना जोडक्रियापदे म्हणता येईल.

आपल्याकडील शिकल्या-सवरलेल्या माणसालाही ही जोडक्रियापदे का अडतात, याचे एक कारण आपल्या इंग्रजी शिक्षणाच्या वळणात आहे. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला समोर ठेवून इंग्रजीचा अभ्यास केला. पुढे कोर्टकचेरी, बँक आणि सरकारी कार्यालये यांच्या अर्जांतून भारदस्त इंग्रजी कानावर पडले. पुढे ढकलण्यास ‘पोस्टपोन’, रद्द करण्यास ‘कॅन्सल’, सहन करण्यास ‘टॉलरेट’ हे एकेकटे शब्द पाठ झाले. अर्ज लिहिताना ते उत्तम कामी येतात. परंतु समोरचा इंग्रज किंवा अमेरिकन माणूस दूरध्वनीवर बोलू लागला, की तो ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’, ‘पुट अप विथ’ अशीच भाषा वापरतो. मग सोपा शब्दच अवघड होऊन बसतो.

अशी अडचण फक्त मराठी माणसाची नाही. डागुट आणि लाउफर या अभ्यासकांनी 1985 साली इस्रायलमधील हिब्रूभाषक विद्यार्थ्यांविषयी संशोधन प्रसिद्ध केले. हे विद्यार्थी जोडक्रियापद टाळून त्याच्या जागी एकच शब्द योजण्याकडे वळतात, असे त्यात दिसून आले. हिब्रूत अशा रचनेला जोड नाही, हे त्यांनी त्याचे कारण मानले. ज्या रीतीची सवय मातृभाषेत नसते, तिच्यापासून मन दूर राहू पाहते.

येथे मराठी भाषकाने आपल्या घरातच एकवार डोकावून पाहावे. आपल्या भाषेत ही रीत आहे. फक्त तिचा वेष निराळा आहे. रत्नागिरीजवळचे मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. त्यांचे बंधू मोरो केशव दामले यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या संयुक्त क्रियापदांचा विचार त्यात आहे. संयुक्त क्रियापद म्हणजे काय, हे समजण्यास ‘सांगणे’ हे एकच क्रियापद पुरे. ‘सांगून टाकले’ यात मनावरचा भार उतरल्याचा भाव आहे. ‘सांगून ठेवले’ यात पुढची सोय आहे. ‘सांगून पाहिले’ यात उपयोग झाला नसल्याची खंत आहे. आणि ‘सांगून बसला’ यात आता निस्तरावे लागणार, हे आपोआप आले. टाकणे, ठेवणे, पाहणे, बसणे या शब्दांचे मूळ अर्थ येथे मागे सरले आहेत. उरली आहे ती केवळ छटा. पाच वर्षांचे मराठी मूल ही छटा बिनचूक ओळखते. इंग्रजीत हेच काम ‘अप’ आणि ‘ऑफ’ करतात.

संस्कृतातून आलेले उपसर्ग हे याचे दुसरे रूप होय, आणि जैन कुटुंबांना त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. ‘हार’ या एका शब्दाला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार झाले. मुनिमहाराज आहार घेतात आणि विहार करतात. दोहोंचे मूळ एक, अर्थ दोन टोकांचे. ‘क्रमण’ म्हणजे पाऊल टाकणे. त्याला ‘अति’ लागले की मर्यादा ओलांडणे, आणि ‘प्रति’ लागले की परत फिरून आपल्या ठिकाणी येणे. जो रोज प्रतिक्रमण करतो आणि अतिक्रमण म्हणजे काय हे जाणतो, त्याला लहान शब्दाने मोठा अर्थ कसा पालटतो हे कोणी शिकवावयास नको. फरक एवढाच, की संस्कृतात हा लहान शब्द क्रियापदाच्या पुढे लागतो आणि इंग्रजीत बहुधा मागे.

जगातील इतर भाषांतही हा खेळ दिसतो. हंगेरी देशाची भाषा इंग्रजीच्या कुळातली नाही. तरी तेथे क्रियापदांना असेच उपसर्ग लागतात. हंगेरियन भाषेत ‘ईर’ म्हणजे लिहिणे. ‘अलाईर’, म्हणजे खाली लिहिणे, याचा अर्थ सही करणे. ‘एसिक’ म्हणजे खाणे. ‘मेग’ हा उपसर्ग लागून ‘मेगएसिक’ झाले, की खाऊन टाकणे. इंग्रजीत त्याला ‘ईट अप’ म्हणतात. वाक्यात नकार आला, की हंगेरियनमधील हा उपसर्ग क्रियापदापासून सुटून मागे जातो. हंगेरीचा विद्यार्थी इंग्रजी शिकतो तेव्हा त्यालाही घोटाळे होतात. कारण कोणत्या क्रियापदाला कोणता लहान शब्द शोभतो, याचा निवाडा प्रत्येक भाषा आपापल्या परीने करते. पण क्रिया पुरी झाल्याची खूण करण्याची गरज तिन्ही भाषांना आहे. एकीने ती पुढे ठेवली, एकीने मागे, आणि मराठीने त्यासाठी दुसरे क्रियापदच जोडले.

गंमत अशी, की बाजारपेठेत वावरणाऱ्या माणसाच्या बोलण्यात ही जोडक्रियापदे कधीच येऊन बसली आहेत. चेकअप, फॉलोअप, बॅकअप, कटऑफ, टेकओव्हर, ब्रेकडाउन हे शब्द दुकानात दिवसभर ऐकू येतात. माल नेणाऱ्या गाडीला तर सारेच पिकअप म्हणतात. ही सारी जोडक्रियापदांपासून झालेली नामे होत. त्यांचे पुन्हा क्रियापद करताना एक नियम पाळावा लागतो. ‘इट’, ‘देम’ यांसारखे सर्वनाम आले, तर ते दोन शब्दांच्या मध्ये बसते: ‘पिक इट अप’, ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ असे कोणी म्हणत नाही.

परिचयाच्या शब्दांतच फसगत अधिक होते, याचे भान मात्र असावे. पदवी घेऊन बाहेर पडणे या अर्थी आपण ‘पास आउट’ म्हणतो. लष्करी प्रशिक्षण पुरे करणाऱ्यांविषयी तो प्रयोग इंग्लंडमध्येही चालतो; परंतु एरवी त्याचा अर्थ शुद्ध हरपणे असा आहे. परदेशी नोकरीच्या अर्जात मुलाने तो लिहिला, तर वाचणारा हसेल. ‘कोप अप’ हाही आपल्याकडचाच प्रयोग. तेथे ‘अप’ नको, ‘कोप विथ’ पुरे.

‘राइट ऑफ’ या शब्दाची गोष्ट याहून गंभीर आहे. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले अशी बातमी येताच अनेकांना ती कर्जमाफी वाटते. वस्तुतः बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. कर्जदाराची जबाबदारी कायम राहते आणि वसुलीही चालू राहते. देणे सोडून देण्याला इंग्रजीत ‘वेव्ह’ असा एकच शब्द आहे. त्याला ‘ऑफ’ जोडून ‘वेव्ह ऑफ’ म्हणण्याची आपली सवय या घोटाळ्यात भरच घालते. आपले येणे ‘राइट ऑफ’ करणारा व्यापारी आणि ते माफ करणारा व्यापारी यांच्या वह्यांत फार मोठे अंतर असते.

मग हा अभ्यास करावा कसा? शेकडो जोडक्रियापदांची यादी पाठ करणे व्यर्थ आहे; यादी आठवडाभरही टिकत नाही. गार्डनर आणि डेव्हिस यांनी 2007 साली ब्रिटिश इंग्रजीच्या एका प्रचंड संग्रहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवघी वीस क्रियापदे आणि आठ लहान शब्द यांच्या जोड्यांनीच त्या संग्रहातील निम्म्याहून अधिक जोडक्रियापदे व्यापली होती. म्हणजे डोंगर दिसतो तेवढा उंच नाही.

व्यापारी घराला यासाठी खतावणीचीच पद्धत सोयीची पडेल. एका वहीत आठ खाती उघडावीत: अप, आउट, ऑफ, ऑन, डाउन, इन, ओव्हर आणि बॅक. पत्रात, बातमीत किंवा संभाषणात नवी जोडी भेटली, की ती ज्या वाक्यात आली त्या संपूर्ण वाक्यासह तिच्या खात्यात नोंदवावी. सुटा शब्द नोंदवू नये. वाक्याविना तो बिनतारखेच्या नोंदीसारखा निरुपयोगी ठरतो. समोरच्या बाजूस तिच्या तोडीचे मराठी क्रियापद लिहावे. महिन्याभरात एकाच खात्यातील नोंदी परस्परांचा अर्थ उलगडू लागतात. ‘यूज अप’, ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’ शेजारी आले, की येथील ‘अप’ म्हणजे शेवटपर्यंत, हे ध्यानात येते. ‘कट ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’, ‘राइट ऑफ’ यांतील ‘ऑफ’ तोडून वेगळे करते, हेही दिसू लागते.

या वहीचे काम एकट्याने करण्याचे कारण नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला इंग्रजी वाक्य पुरविता येईल. पण त्याच्या समोरची मराठी बाजू आजीइतकी कोणास भरता येणार? ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत करणे, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे, येथपर्यंत नातू कोशाच्या आधाराने येईल. ‘गिव्ह अप’ आले, की आजी सांगेल, पर्युषणात आपण एखादी वस्तू सोडून देतो ना, तेच हे. ती नोंद मग त्या मुलाच्या वहीत आणि मनात कायमची राहील.