विहीण येणार नाही

लग्नाच्या आदल्या रात्री नाशिकच्या काकांनी पुढचं ताट सरकवलं आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. झालं होतं एवढंच, की मुलाच्या काकांचा फोन आला होता आणि बोलता बोलता ते म्हणाले होते, मुलाची आई काही लग्नाला येणार नाही.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे असा निरोप आला तर काय होईल? जिच्यासाठी पायघड्या घालायच्या, जिचे पाय धुवायचे, जिच्या पंगतीत जिलबी कमी पडली तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं, ती वरमाईच नाही म्हणजे एक तर ती रुसली, नाहीतर लग्न मोडायच्या बेतात आहे. काकांचा राग मला तरी चुकीचा वाटला नाही.

मावशी मात्र रुखवताच्या करंज्या डब्यात भरत शांतपणे म्हणाली, "भाऊजी, इथं पद्धतच आहे तशी. बंगाल्यांत मुलाची आई मुलाचं लग्न बघत नाही. बघू नये म्हणतात."

मावशीला कोलकात्यात येऊन तीस वर्षं झाली. मावसा नोकरीच्या निमित्तानं इथं आले आणि इथलेच झाले. चार वर्षांपूर्वी ते गेले. मुलगी इथंच वाढली, इथंच शिकली, आणि लग्नही तिनं इथल्याच मुलाशी ठरवलं. आम्ही महाराष्ट्रातून गेलेली चौदा माणसं. त्या चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की लग्नातले मंत्र आणि जेवण यांच्यावरून दोन घरांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते कुणी कुठं उभं राहायचं, यावरून.

बंगाली लग्नात वऱ्हाडाचा प्रमुख असतो तो बोरकोर्ता. बहुधा मुलाचे वडील किंवा काका. देणंघेणं, मानपान, वेळेवर निघणं, वऱ्हाडात कुणी जास्तच रंगात आलं तर त्याला आवरणं, सगळी जबाबदारी त्याची. मुलीकडून त्याच्या तोडीचा कोन्याकोर्ता. त्यानं दारात हात जोडून उभं राहायचं आणि शेवटचा पाहुणा जेवून पान घेईपर्यंत स्वतः बसायचं नाही. नवऱ्याच्या शेजारी, त्याच्यासारखंच धोतर नेसून, डोक्यावर छोटा शोल्याचा टोपोर घालून बसतो तो नितबोर. हा नवऱ्याचा भाचा किंवा पुतण्या, पाच-सहा वर्षांचा. त्याला काम असं काही नाही, नवऱ्याला सोडायचं नाही एवढंच. आमच्या लग्नातला नितबोर मात्र गाडीतून उतरताच झोपला आणि त्याचा टोपोर रात्रभर कुणाच्या तरी मांडीवर फिरत राहिला.

नापित म्हणजे न्हावी. आपल्याकडेही गावगाड्यात लग्नाच्या कामात न्हाव्याला मान असेच. इथं तो विधींच्या वेळी मदतीला असतो आणि ऐन लग्नात खड्या आवाजात यमक जुळवलेले ‘गौरवचन’ म्हणतो. वाईट नजरेच्या माणसांना त्यात चांगलंच झोडपलेलं असतं. ते ऐकून काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

हळद एक, मासा मात्र वेगळा

सगळंच वेगळं असतं असंही नाही. नवऱ्याला लागलेली उष्टी हळद मुलीकडे पाठवायची, हे त्यांचं आणि आपलं अगदी एक. फरक एवढाच, की त्यांच्याकडे हळदीबरोबर तबकांची रांग येते. तिला ‘तत्त्व’ म्हणतात. साड्या, मिठाई, प्रसाधनं, प्रत्येक तबकावर क्रमांकाची चिठ्ठी. आणि सर्वांत मानाचं तबक रोहू माशाचं. माशाला लाल साडी नेसवलेली, कुंकू लावलेलं, कधी नथही घातलेली. आमचं शाकाहारी बिऱ्हाड दारात उभं आणि समोर नटलेली ही नवरी! काकू दोन पावलं मागे सरकल्या. हा मासा मुलीकडच्यांनी शिजवून खायचा असतो. शेजारच्या बंगाली वहिनी पुढे झाल्या, ओवाळून त्यांनी तबक हातात घेतलं आणि सरळ आपल्या स्वयंपाकघरात नेलं. तत्त्व आणणाऱ्यांना मिठाई आणि बक्षिसी द्यायची, हेही त्यांनीच आठवण करून दिलं. लग्नघराला असा एक शेजार लागतोच.

मामानं मुलीला बोहल्यावर आणायचं ही आपली रीत. बंगाल्यांत मुलीला चालू देत नाहीत. तिला लाकडी पाटावर बसवतात आणि भाऊ, मेहुणे मिळून तो पाट उचलतात. दोन्ही हातांनी विड्याची पानं तोंडापुढे धरून ती बसलेली, आणि तशीच तिला नवऱ्याभोवती सात फेरे फिरवतात. मग पानं बाजूला होतात, नजरानजर होते. ती शुभदृष्टी. पाट उचलायला चार धडधाकट मुलगे हवेत. आमच्याकडे माझा भाऊ, काकांचे दोन मुलगे आणि चौथा शेजारच्या वहिनींचा. चौथ्या फेऱ्याला माझ्या भावाच्या कपाळावरची शीर दिसायला लागली होती. अंतरपाट धरणं किती सोपं, असं तो नंतर म्हणाला.

त्याचा वचपा त्यानं लाजाहोमात काढला. मुलीच्या भावानं तिच्या ओंजळीत लाह्या घालायच्या, हे दोन्हीकडे सारखंच. पण त्यानंतर आमच्या भावानं नवरदेवाचा कान धरून पिळला तेव्हा बंगाली मंडळी अवाक् झाली. कानपिळीबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अर्थ कळल्यावर मात्र त्यांनी ती दोनदा करायला लावली, फोटोसाठी.

आणि आम्हा बहिणींचं काम? फाटकावर नवऱ्याला अडवून पैसे मागायचे. मी अकरा हजार मागितले. नवऱ्याचा एक मित्र म्हणाला, "बर्गींना आम्ही किती वेळा द्यायचं? १७५१ साली दरसाल बारा लाख चौथाई कबूल केली होती, ती पुरली नाही का?" नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या १७४२ पासून बंगालवर झाल्या, त्या भीतीनं कोलकात्यात मराठा खंदक खोदला गेला, पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगाली आयांनी बर्गीची भीती घालून कित्येक पिढ्या पोरं झोपवली. अडीचशेहून जास्त वर्षांनी त्याचा हिशेब माझ्याकडून वसूल होत होता. पाच हजारांवर तह झाला.

पत्रिकेवर नाव कुणाचं?

ही सगळी गंमत. खरा प्रश्न लग्नाच्या महिनाभर आधीच उभा राहिला होता, आणि तो मावशीचा होता.

मुलीला द्यायचं कुणी? वडील नाहीत. काकांनी गृहीत धरलं होतं, की संप्रदान आपण करायचं. त्यासाठी ते उपासाच्या तयारीनं आले होते, नवं सोवळं घेऊन. मुलगी म्हणाली, "मला आईनं वाढवलं. मला कुणी द्यायचंच असेल, तर आई देईल." (मला विचाराल तर मुलगी ‘देणं’ हा शब्दच बोचतो. पण लग्न माझं नव्हतं.)

आणि मावशी तर स्वतःच मागे सरकत होती. तीस वर्षांत या गल्लीतल्या कितीतरी लग्नांत ती हौसेनं पाच सवाष्णींत उभी राहिली होती. मराठी बाई असून उलुध्वनी काढते म्हणून तिचं कौतुक व्हायचं. मावसा गेल्यावर आमंत्रणं थांबली नाहीत, पण विधींच्या वेळी तिला कुणी हाक मारेनासं झालं. तिला कुणी काही बोललं नाही. ती आपण होऊन खुर्च्यांच्या रांगेत जाऊन बसायला लागली. आता पोटच्या मुलीच्या लग्नातही ती तेच करणार होती. त्यातून बंगाली रीतीप्रमाणे मुलीच्या आईनंही लग्न बघायचं नसतं. म्हणजे लपायला तिला आयतं कारण मिळालं.

मुलीनं सरळ पुरोहितांना विचारलं. ठाकुरमोशाय सत्तरीचे, जुन्या वळणाचे. आम्हाला वाटलं, नाही म्हणतील. ते म्हणाले, याज्ञवल्क्य स्मृती उघडून बघा. कन्या देण्याचा अधिकार कुणाचा, हे तिथं क्रमानं सांगितलं आहे. वडील, आजोबा, भाऊ, मग कुळातले लोक, आणि त्यांच्यानंतर आई. आई शेवटी आहे, पण आहे. आधीच्या मंडळींनी मान दिला तर तिच्याकडून संप्रदान घ्यायला मला अडचण नाही.

म्हणजे चेंडू आला काकांकडे.

कायद्याचं म्हणाल तर तिथं अडचण नाहीच. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे दोघांपैकी कुणाही एका बाजूच्या रूढीनुसार विधी झाले तरी चालतात. कन्यादान त्यासाठी आवश्यक नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. याच कोलकात्यात संस्कृतच्या अध्यापिका नंदिनी भौमिक पौरोहित्य करतात आणि कन्यादानाशिवाय लग्नं लावतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीनं तयार केलेल्या स्त्री पुरोहित आपल्याला नव्या नाहीत. पण काकांना कायदा सांगून काय उपयोग? त्यांना वाटत होतं, धाकट्या भावाच्या मागे आपण त्याची जागा घेतली नाही तर लोक काय म्हणतील.

त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगितली. कोलकात्याचीच आहे. विधवा विवाहाचा कायदा जुलै १८५६ मध्ये झाला आणि त्यानुसार पहिलं गाजलेलं लग्न ७ डिसेंबर १८५६ ला सुकिया स्ट्रीटवर, राजकृष्ण बंद्योपाध्याय यांच्या घरी लागलं. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पुढाकार घेऊन ते घडवून आणलं होतं. नवरदेव श्रीशचंद्र विद्यारत्न, वधू कालीमती. रस्त्यावर बघ्यांची एवढी गर्दी, की पोलीस ठेवावे लागले. या लग्नाची निमंत्रणपत्रिका निघाली ती वधूच्या विधवा आईच्या, लक्ष्मीमणी देवींच्या नावानं. माझ्या विधवा मुलीचं लग्न आहे, आपण यावं, असं तिच्या नावानं छापून गेलं. ज्या काळात विधवेनं शुभकार्यात तोंड दाखवू नये म्हणत, त्या काळात शहरभर तिचं नाव गेलं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आपल्या पत्रिकेवर कुणाचं नाव आहे?" पत्रिका त्यांनी पाहिली होती, पण वाचली नव्हती. निमंत्रक म्हणून एकच नाव होतं. मावशीचं.

"मग मी काय करायचं?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. आणि मला वाटतं, हाच खरा प्रश्न असतो. माणसाची जागा काढून घेतली तर त्याला दुसरी द्यावी लागते. मुलाच्या काकांनी ती दिली. ते म्हणाले, दादा, मी बोरकोर्ता, तुम्ही कोन्याकोर्ता. माझ्याशी भांडायला कुणीतरी बरोबरीचं हवं ना! काका रात्री एकपर्यंत दारात उभे होते. प्रत्येक पंगतीत जाऊन हिंदीत आग्रह करत होते. स्वतः सर्वांत शेवटी जेवले.

तुमच्या घरी दोन प्रांतांतलं लग्न ठरत असेल, तर एवढंच सुचवीन. विधींची यादी करतात सगळेच. तुम्ही माणसांची करा. घरातलं प्रत्येक माणूस त्या दिवशी कुठं असेल आणि काय करत असेल, हे पहिल्या बैठकीतच मांडा. ज्याच्या नावापुढे काही लिहिलं जात नाही, रुसवा तिथूनच निघतो. आणि जे रुसत नाहीत, नुसते मागे जाऊन बसतात, त्यांचं नाव आधी लिहा.

मावशी गरदची लाल काठाची साडी नेसून पाटावर बसली. दिवसभर उपास, आवाज बारीक झालेला. मुलीचा हात जावयाच्या हातात ठेवून तिनं ठाकुरमोशायांच्या मागोमाग गोत्र, नाव, सगळं स्पष्ट म्हटलं. मावशाचं नाव घेताना मात्र एकदा थांबली.

सगळंच जमलं असं नाही. दारात नवऱ्याला ओवाळून घ्यायचं काम तिनं काकूंना दिलं. मी वाद घातला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं, आणि तू कोलकात्यासारख्या शहरात राहून... "एका दिवशी एकच," ती म्हणाली.

निघताना कनकांजली असते. मुलीनं पाठमोरं उभं राहून डोक्यावरून तांदूळ मागे टाकायचे, ते आईनं पदरात झेलायचे, आणि मुलीनं म्हणायचं, तुझं ऋण फिटलं. २०१९ मध्ये एका बंगाली नवरीनं हे म्हणायला नकार दिला, तेव्हा तिचं चित्रण देशभर पाहिलं गेलं होतं. आमच्या मुलीनं तांदूळ टाकले. बोलली काहीच नाही.

बेयान

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मुलाकडे बोउभात असतो. सकाळी नवरा बायकोच्या हातात भाताचं ताट आणि साडी ठेवून तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी घेतो. संध्याकाळी मुलीकडचे लोक जेवायला जातात. मावशीनं पिशवीत विहिणीची पैठणी, खण-नारळ आणि पाय धुवायला चांदीचं ताम्हन घेतलं होतं. मांडवात विहीण भेटली नाही म्हणून काय झालं!

विहिणीला बंगालीत बेयान म्हणतात. या बेयान दारातच भेटल्या. लग्नाच्या दिवशी त्या घरीच होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सून आल्यावर तिला दूध-आलत्याच्या ताटात उभं करून, उतू जाणारं दूध दाखवून त्यांनीच घरात घेतलं होतं. मावशीनं ताम्हन काढताच त्यांनी पाय साडीत ओढून घेतले. "छि छि दिदी, हे काय!" साडी मात्र घेतली. मग मावशीला हात धरून आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि पलंगावर शेजारी बसवलं. मी पिशवी घेऊन मागोमाग गेले म्हणून मला हे ऐकायला मिळालं.

लग्नाचं सगळं चित्रण त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथं होतात. मला सांगा. अगदी पहिल्यापासून."

मावशीनं फाटकापासून सुरुवात केली. मध्येच बेयाननी तिला थांबवलं.

"कान फार जोरात पिळला का हो? घरी आला तेव्हा लाल होता."