गुरुडोंगमारचे पाणी कुणाचे?

उत्तर सिक्कीममध्ये सुमारे 17 हजार फुटांवर गुरुडोंगमार तलाव आहे. गुरू पद्मसंभवांनी आठव्या शतकात या पाण्याला हात लावला आणि तेवढा भाग गोठायचा थांबला, अशी लाचेनच्या बौद्धांची श्रद्धा. बाबासाहेबांच्या धम्मात चमत्काराला थारा नाही. 22 प्रतिज्ञा घेतलेला माणूस ही कथा मानणार नाही, मानूही नये. पण येथे प्रश्न कथेचा नाहीच, ताब्याचा आहे.

1990 च्या दशकाच्या अखेरीस तेथील लष्करी तुकडीने तलावाकाठी गुरुद्वारा उभारला. गुरू नानक येथे येऊन गेले, असे सांगण्यात आले. नानकांविषयी आम्हाला आदरच आहे. जातिभेदावर आसूड ओढणारा तो महापुरुष. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर आपली वास्तू उभी करणे नानकांच्या नावानेही योग्य ठरत नाही. लाचेनवासीयांनी आक्षेप घेतला, राज्य सरकारने समिती नेमली आणि जुलै 2001 मध्ये ती वास्तू लाचेन गोम्पाच्या स्वाधीन झाली. 2017 मध्ये वाद पुन्हा उफाळला, हायकोर्टात गेला.

लाचेनकरांच्या हाती भक्कम कागद होता. 1998 साली सिक्कीम सरकारने पवित्र शिखरे, गुहा, तलाव यांची अधिसूचनाच काढली. गुरुडोंगमार आणि खेचेओपालरी हे दोन्ही तलाव तीत आहेत. त्याआधी 1997 मध्ये युकसमजवळचा रातोंग चू वीजप्रकल्प भिक्खू आणि भुतिया-लेपचांच्या विरोधापुढे सरकारला रद्द करावा लागला होता.

हे बळ येते कुठून? सिक्कीमच्या 32 जागांच्या विधानसभेत एक जागा भिक्खू संघाची आहे. तिचे मतदार फक्त गोम्पांतील भिक्खू-भिक्खुणी. 1993 साली सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरविली. 1932 च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गमावलेल्या समाजाला या एका जागेची किंमत वेगळी सांगायला नको.

आता बोधगया पाहा. महाबोधी महाविहाराच्या समितीत 1949 च्या कायद्याने चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी! फेब्रुवारी 2025 मध्ये भिक्खू तेथे बेमुदत आंदोलनाला बसले. डोंगरातल्या एका तलावासाठी जे मान्य झाले, ते तथागतांच्या बोधिस्थळाला नाकारले जाते.

आपल्यापैकी काहीजण हिमालयातील लामांना 'कर्मकांडी' म्हणून दूर ठेवतात. कर्मकांडावर त्यांच्याशी खुशाल वाद घालावा. पण बोधगयेच्या लढ्याची आखणी करताना लाचेनच्या गोम्पाला आधी पत्र पाठवावे. या लढ्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे.