पेरणी की लावणी?

वर्गात ‘लावणी’ म्हटले की मुलांना ढोलकी आठवते. परसातली लावणी म्हणजे रोपे उपटून दुसरीकडे लावणे; तिला ढोलकी नव्हे, बादली लागते. आणि ती बादली उचलायची कोणी, हे ठरल्यावाचून कोणी बाग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक घरांत हौस यजमानांची असते आणि पाणी दुसरेच कोणी घालते!

आमचे परस चार वाफ्यांचे. दिवाळीच्या सुमारास त्यांत काय घालायचे यावर वाद ठरलेला. मी पेरणीच्या बाजूचा, सौभाग्यवती रोपांच्या. त्यांचे म्हणणे, रोप डोळ्यांना दिसते. बी मुंग्यांनी नेले तर कळायचे कसे? मुंग्यांचे खरे आहे. पण मुळा-गाजराला जागा बदललेली सोसत नाही. त्यांचे सोटमूळ हीच आपली भाजी. ते दुखावले की गाजराला दोन पाय फुटतात. मेथी, पालक तर पेरायच्याच वस्तू. मेथी महिन्याभरात ताटात येते. धने मात्र रगडून दुभंगून पेरावेत. घेवड्याचे, वालाचे बी शिदोरी बरोबर घेऊनच निघालेले. ते बोटाच्या पेराइतके खोल जागच्या जागी टोकावे.

वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या बाबतीत सौभाग्यवतींचा पक्ष बळकट. बी बारीक, वाढ सावकाश. महिनाभर सारा वाफा ओला ठेवण्यापेक्षा एका कुंडीत रोपे केलेली बरी. ती संध्याकाळी, मुळांची माती न झाडता हलवावीत. पुढे आठवडाभर मात्र पाण्याचा खाडा चालत नाही. सुट्टीत आम्ही चार दिवस गावी जातो तेव्हा घरी आई एकटी असते. पंचाहत्तरीच्या बाईने रोपांपायी नळापासून बादल्या वाहाव्यात काय? म्हणून परत येईपर्यंत कुंडीतले रोप कुंडीतच. जागेवर रुजून वीतभर झालेला घेवडा दोन दिवसांची तहान सोसतो. कालचे रोप दुपारीच मान टाकते.

पेरणीत एक काम उरते, विरळणीचे. मुळ्याच्या दोन रोपांत चार बोटे अंतर हवे. मधली निर्दयपणे उपटावी लागतात. तो कोवळा पाला आमच्याकडे डाळीचे पीठ पेरून परततात. त्या पेरणीला सौभाग्यवतींची हरकत नसते.