विश्लेषण : उभ्या हायब्रिड गाडीची बॅटरी का उतरते? शोध कुठून सुरू करायचा?

सुट्टीत तीन आठवडे रेल्वेने गावी गेलात. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. परत आल्यावर किल्लीचे बटण दाबले, तर दरवाजा उघडत नाही, आरसे हलत नाहीत, डॅशबोर्ड अंधारात. मनात पहिली भीती येते ती ‘लाखभर रुपयांची हायब्रिड बॅटरी गेली’ अशी. बहुतेक वेळा ही भीती खोटी असते. उतरलेली असते ती साधी, छोटी, १२ व्होल्टची बॅटरी. पण ती का उतरली हे न शोधता नवी बसवली, तर काही आठवड्यांनी तोच प्रसंग पुन्हा येऊ शकतो.

हा प्रश्न आताच का?

भारतात २०२२ मध्ये होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती सुझुकी ग्रँड विटारा या गाड्या आल्या आणि स्ट्राँग हायब्रिड मध्यमवर्गीय घरात पोहोचली. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये अशा गाड्यांना नोंदणी करात सूट दिली. या गाड्यांना आता तीन-चार वर्षे होत आली आहेत. १२ व्होल्टची बॅटरी थकण्याचे वयही साधारण तेच. आपल्याकडच्या उन्हात ते आणखी लवकर येते.

एका गाडीत दोन बॅटऱ्या कशासाठी?

मोठी बॅटरी चाके फिरवणाऱ्या मोटरसाठी असते. तिचा दाब बऱ्याच गाड्यांत दोनशे व्होल्टच्या आसपास असतो. गाडी बंद केली की सुरक्षेसाठी रिले उघडतात आणि ही बॅटरी बाकीच्या गाडीपासून तुटते. त्यानंतर दरवाजांचे लॉक, अलार्म, किल्लीचा सिग्नल ऐकणारा रिसिव्हर, मोबाइल अ‍ॅपशी बोलणारे मॉड्यूल हे सगळे छोट्या बॅटरीवर चालते. पुन्हा गाडी सुरू करताना ते रिले जोडण्याचे कामही छोटीच बॅटरी करते. म्हणून मोठी बॅटरी भरलेली असली तरी छोटी उतरली की गाडी ठप्प.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये नेहमीचा अल्टरनेटर नसतो. डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसत असतानाच मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत छोटी बॅटरी चार्ज होते. त्यामुळे ‘रेडी’ न करता नुसते गाणी ऐकत बसलात, तर छोटी बॅटरी फक्त रिकामी होत राहते.

आधी सूचना का मिळत नाही?

पेट्रोल गाडीत बॅटरी थकली की स्टार्टर कुरकुरतो. सकाळी गाडी जड सुरू होते आणि मालक सावध होतो. बहुतेक स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन फिरवण्याचे काम मोठी बॅटरी करते. छोटीला फक्त संगणक जागे करायचे असतात. त्यामुळे ती निम्म्याहून अधिक थकली तरी गाडी सुरळीत सुरू होते आणि एक दिवस अचानक होत नाही.

किती वीज जाणे स्वाभाविक?

गाडी ‘झोपली’ की साधारण २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह जाणे स्वाभाविक मानले जाते. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी धरू. ३० मिलिअँपिअरने दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर जाते, म्हणजे महिन्याभरात जवळपास निम्मी बॅटरी. तेव्हा जुनी बॅटरी महिनाभरात उतरली तर त्यात बिघाड असेलच असे नाही. पण हाच प्रवाह ३०० मिलिअँपिअर असेल, तर निम्मी बॅटरी तीनच दिवसांत जाते. महिन्याने उतरणे आणि तीन दिवसांत उतरणे हे दोन वेगळे आजार आहेत. म्हणून पहिला प्रश्न ‘बॅटरी कोणती घ्यायची?’ हा नसून ‘किती दिवसांत उतरली?’ हा आहे.

घरच्या घरी काय तपासता येईल?

आधी सवयी पाहा. तळमजल्यावर घर आणि भिंतीपलीकडे गाडी असेल, तर खुंटीवरची स्मार्ट किल्ली गाडीला वारंवार जागे करू शकते. ती दूर ठेवा. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, बाहेरून बसवलेला जीपीएस ट्रॅकर, डायग्नोस्टिक सॉकेटमधला डोंगल हे नेहमीचे संशयित. ते काढून दोन-तीन दिवस पाहा. अ‍ॅपवरून गाडीची स्थिती पुन्हा पुन्हा पाहिली, तरी गाडी जागी होते. फास्टॅगवर मात्र संशय नको. त्याला गाडीची वीज लागतच नाही.

मग साधा मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. ‘रेडी’ केल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला, तर चार्जिंग चालू आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करूनही रात्रभरात आकडा घसरला, तर एक तर बॅटरी संपली आहे, नाही तर कुठे तरी वीज गळते आहे.

मेकॅनिककडून काय करून घ्यायचे?

गळती मोजायची तर दरवाजे आणि बॉनेटचे लॉक मिटवून गाडी झोपेपर्यंत, अनेकदा अर्धा ते एक तास, थांबावे लागते. घाईत घेतलेला आकडा फसवा असतो. प्रवाह जास्त निघाला, तर कोणत्या फ्यूजच्या मार्गाने वीज जाते हे एकेक करून शोधतात. हे काम प्रशिक्षित माणसाकडेच द्या. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

दोन आकडे जॉब कार्डवर लिहून मागा : बॅटरीच्या चाचणीचा निकाल आणि झोपलेल्या गाडीचा प्रवाह. टोयोटा आणि मारुती सुझुकी हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात; १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी त्याहून बरीच कमी असते. दोष गाडीतल्या एखाद्या मॉड्यूलचा असेल आणि नोंद फक्त ‘बॅटरी बदलली’ एवढीच असेल, तर वॉरंटी संपल्यावर तो खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. अमेरिकेत सुबारूच्या २०१५ ते २०२० दरम्यानच्या काही मॉडेलांबद्दल बॅटरी उतरण्यावरून मालकांनी सामूहिक दावा केला होता. कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली. त्या गाड्या हायब्रिड नव्हत्या, पण अशा वादात मालकाच्या हाती आधीच्या दुरुस्त्यांचे कागद असणे किती महत्त्वाचे, हे त्यातून कळते. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गाडी बंद पडलीच तर?

वॉचमन आणि चार शेजारी धक्का द्यायला तयार असतील, पण स्ट्राँग हायब्रिड धक्का मारून सुरू होत नाही. स्मार्ट किल्लीच्या आत लपलेल्या धातूच्या किल्लीने दरवाजा उघडा. काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि विजेची डिकी बॅटरीशिवाय उघडत नाही. म्हणून जंप-स्टार्टची जागा मॅन्युअलमध्ये आजच पाहून ठेवा. केबल उलट जोडल्या तर महागडे इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. नवी बॅटरी मूळ प्रकारचीच घ्या, कारण केबिनजवळच्या बॅटरीसाठी अनेकदा एजीएम प्रकार दिलेला असतो.

गावाला जाण्यापूर्वी काय करावे?

महिनाभर गाडी हलणार नसेल, तर डॅशकॅम काढा आणि किल्ली दूर ठेवा. घरातल्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवायला सांगा. ते जमत नसेल, तर ‘रेडी’ करून तेवढा वेळ उभी ठेवली तरी चालते. पण बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात हे करू नका. ‘रेडी’ असलेल्या गाडीचे इंजिन आपोआप सुरू होते आणि त्याचा धूर जीवघेणा ठरू शकतो.