गळफळ उचला, मगच आढी लावा

अक्षय तृतीया जवळ आली की बाजारात आंब्याला भाव चढतो आणि लातूर-नांदेडच्या बागांत काढणीची घाई सुटते. आपला केसर खरा पाडाला येतो तो मेच्या मध्याकडे. तरी एप्रिलातच कोवळी फळे उतरवली जातात. त्यांच्यात पुरता स्टार्च भरलेला नसतो, मग गोडी कुठून येणार? साल तेवढी पिवळी करायला कार्बाइडची पुडी येते. तिच्यावर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मराठवाडा केसरला मिळालेले भौगोलिक मानांकन अशा आंब्याने टिकणार नाही.

उलट चूकही होते. घरच्या झाडाचा आंबा झाडावरच पिकू द्यावा, असे अनेकांना वाटते. पण फळमाशीला हेच हवे असते. पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली मादी अंडी घालते, अळी गर पोखरते, फळ गळते आणि अळी मातीत शिरून कोषात जाते. वळवाचे दोन पाऊस पडले की माश्यांची संख्या झपाट्याने वाढते. २०१४ मध्ये युरोपीय संघाने आपल्या आंब्याची आयात थांबवली, तीही फळमाशीमुळेच.

म्हणून काढणीचा दिवस अचूक साधावा लागतो. खांदे भरले, देठाजवळ खळगा पडला, झाडाखाली एखाद-दुसरा पाड सापडू लागला की थांबू नका. सकाळच्या गारव्यात, झेल्याने, देठ ठेवून उतरवा. चीक सालीवर ओघळला तर तिथे काळा डाग पडतो. फळे देठ खाली करून चीक निथळू द्या. डागी, टोचलेली फळे वेगळी काढा, एकही आढीत जाऊ देऊ नका. कोरड्या पेंढ्यात एक-दोन थर लावा, हवा खेळती ठेवा, दिवसाआड आढी चाळा. माल जास्त असेल तर रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू वापरा. त्याला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. इथेफॉनच्या द्रावणात फळे बुडवणे मात्र नियमात बसत नाही.

मिथाइल युजेनॉलचे सापळे बागेत लावाच. पण ते फक्त नर पकडतात. अंडी घातलेल्या मादीचे पुढचे कुटुंब झाडाखाली पडलेल्या आंब्यात वाढत असते, आणि तिथेच आपण सर्वांत हलगर्जी आहोत. बागायतदार चार सापळे टांगतो आणि बांधावरच्या रायवळीखाली सडा तसाच राहतो. माशीला बांध कळत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात घागरीने जगवलेल्या झाडाचे फळ अळीच्या तोंडी जाणे मनाला लागते.

या हंगामात दर दोन दिवसांनी गळफळ गोळा करा, दोन फूट खोल पुरा. आणि शेजाऱ्याच्या झाडाखालचीही उचलायला त्याला सोबत घ्या.